मम्मीची काडेपेटी

मला घाण सहन होत नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही, खोड म्हणून सांगते. आमच्या मरोळच्या गावठाणात घराघरासमोर दोरीवर बोंबील सुकत, गटारात डुकरं लोळत, आणि बायका त्याच गटाराच्या कडेला उकिडव्या बसून मासे साफ करता करता गप्पा छाटत. मी मात्र दिवसातून दोनदा फिनेल टाकून ओटा धूत असे. पाठीमागे मला फिनेलबाय म्हणत, हे मला ठाऊक होतं. म्हणोत बापड्या. माझ्या ओट्यावर माशी बसायची नाही.

एवढं असून देवाने माझ्याच पदरात माझा सासरा टाकला.

रोझारिओ त्यांचं नाव. आम्ही पापा म्हणायचो, मुलं आजा म्हणायची. तरुणपणी बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे, लग्नाच्या वरातीपुढे छाती काढून चालायचे, असं गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात. माझ्या वाट्याला ते आले खाटेवरचे. त्र्याऐंशीच्या जूनमध्ये त्यांचं डावं अंग गेलं. तोंड एका बाजूला ओघळलं, बोलणं जड झालं. डोकं मात्र शाबूत, आणि तंबाखूही सुटली नाही. उजव्या हाताने डबा ओढायचे आणि थुंकायचे, अर्धं डब्यात, अर्धं हनुवटीवर. लाळ उशीवर सुकून पिवळी व्हायची. बाकीचं सगळं अंथरुणातच.

माझा नवरा अल्फान्सो मरोळमधल्याच एका कारखान्यात फिटर होता. सकाळी सातच्या पाळीला जाण्याआधी तो बापाला पुसायचा, कोरडं करायचा, आणि हे सगळं गुणगुणत, सायकल पुसत असल्यासारखं. दुपारी चारला परत आला की पुन्हा तेच. त्याला कधी मळमळलेलं मी पाहिलं नाही. मधला दिवस माझ्याकडे असायचा.

पहिले दोन-तीन महिने मी केलं. श्वास रोखून, मान फिरवून केलं, पण केलं. त्यानंतर जेवायला बसले की हाताला वास यायचा. चार वेळा साबण लावला तरी यायचा. कालवणात बोट बुडवलं की मी ताट सरकवायचे. लोक म्हणायचे, सवय होईल गं सिसिलिया. मला झाली नाही. सवय होते म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन ती चादर उचलावी आणि मग मला शहाणपण शिकवावं.

मुलं दोन. रोझमेरी आठ वर्षांची आणि पास्कू पाचचा. रोझमेरीच्या डोक्यात सतत काहीतरी शिजत असायचं आणि पास्कू तिचा पट्टशिष्य. त्या वर्षी डिसेंबरात तिचं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे देवाची भाकर पहिल्यांदा तोंडात घ्यायची, आणि त्याच्या आदल्या दिवशी पहिलं कुमसार, म्हणजे जाळीमागच्या फादरपुढे गुडघे टेकून आपली पापं सांगायची. दर रविवारी देवळातल्या मिसानंतर धर्मशिक्षणाची टीचर पोरांकडून दहा आज्ञा घोकून घ्यायची. घरी आली की रोझमेरी तेच पास्कूला शिकवायची. मला बरं वाटायचं. पोरं मागच्या खोलीत गुपचूप देवाधर्माचं खेळतायत, याहून आईला काय हवं?

कम्युनियनच्या आधीचा गुरुवार होता. कालवणाची वाटी सापडत नव्हती म्हणून मी मागच्या खोलीत गेले.

रोझमेरी तांदळाच्या पिंपावर बसली होती. गळ्यात अल्फान्सोचा टॉवेल, फादरच्या पट्ट्यासारखा दोन्ही बाजूंनी सोडलेला. तिच्या आणि पास्कूच्या मध्ये माझी पिठाची चाळण सुतळीने टांगली होती. पास्कू गुडघ्यांवर होता.

"आशीर्वाद द्या फादर, मी पाप केला," तो म्हणाला.

"दाखव," चाळणीमागून रोझमेरी म्हणाली.

पास्कूने हातातली काडेपेटी उघडली. आत झुरळ होतं. जिवंत. मिशा हलत होत्या, पण ते चालत नव्हतं, कारण त्याचे पाय काढलेले होते. पास्कूने ते चिमटीत धरलं, "ह्यो मी शेजारच्यांचा पेरू चोरला त्यो," असं म्हणाला आणि रोझमेरीच्या हातात दिलं. तिने ते वाटीत बुडवलं. वाटीत देवळातून आणलेलं पवित्र पाणी होतं. पाण्यावर आधीच तीन तरंगत होती, पोट वर करून. वाटी माझी. कालवणाची.

मी मोरीत जाऊन ओकले. नंतर येऊन दोघांना एकेक चापट दिली, वाटी उचलून सरळ उकिरड्यावर फेकली आणि चाळणही फेकणार होते, पण चाळण नवी होती. झुरळाला माझ्या घरात जागा नाही. मी रात्री भांडी उपडी घालून झोपते, फटींत पावडर टाकते, आणि माझ्याच पोटची पोरं बाहेरून झुरळं गोळा करून आणतात. कुठून आणली म्हणून विचारलं. गटाराच्या फरशीखालून, पास्कू म्हणाला, अभिमानाने.

"अगं, पण का?" मी रोझमेरीला विचारलं.

"पाप दिसत नाय ना मम्मी. पास्कूला कळत नाय. टीचर सांगते पाप काळा असतो, घाण असतो, आत लपून बसतो, आणि एक ठेवला की त्याचे शंभर होतात." तिने खांदे उडवले. "मंग झुरळच झाला ना."

मी झाडू आणला. पिंपामागे झाडायला गेले तर तिथे ट्रंकेवर आणखी काडेपेट्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने नाव. डॅडीची एक. आजाच्या दोन. आणि शेवटची दोन पेट्या डिंकाने चिकटवून मोठी केलेली, तिच्यावर लिहिलं होतं, मम्मी.

"एका पेटीत मावत नव्हता," पास्कूने समजावलं.

आत काय खरवडत होतं ते मी उघडून पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. झाडूच्या टोकाने ती पेटी खाली पाडली, वर फिनेल ओतलं, आणि खरवडणं थांबेपर्यंत ओतत राहिले. मग विचारलं, "माझा कोणता पाप होता ह्यो?"

पास्कूने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने टॉवेल सरळ केला.

"फादर सांगू शकत नाय. कुमसारातला बाहेर सांगितला तर फादर नरकात जातो."

"मी कुठे केला तुझ्याकडे कुमसार?"

"तुझ्या बदली पास्कूनी केला," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. रोग्याची कीव करताना डॉक्टरांच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

तिने सांगितलं नाही तरी मला ठाऊक होतं. इतकं सांगून बसले आहे तर तेही तुम्हाला सांगते.

सप्टेंबरातला एक दिवस. मी नुकतीच न्हाऊन केस सुकवत होते. दुपारचे बारा वाजले असतील. आतून पापांची हाक आली, "सिसिल." त्या हाकेचा अर्थ एकच असायचा. मी उठले, आणि उठून रेडिओ मोठा केला. बस, एवढंच. खिडकीत उन्हाला पाठ करून बसले. आणखी दोनदा हाक आली, मग बंद झाली. गाणी छान लागली होती. चारला अल्फान्सो आला तेव्हा मी म्हटलं, "आत्ताच झालंय वाटतं, मी उठतच होते." त्याने गुणगुणत चादर बदलली. म्हाताऱ्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

वीज पडली नाही, घर कोसळलं नाही. मग दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. मग आठवड्यातून दोनदा, मग जवळजवळ रोजच. मुलं शाळेतून एकला यायची, जेवायला बसायची, रेडिओ चालू असायचा, आणि त्याखालून अधूनमधून हाक ऐकू यायची. मला वाटायचं पोरांचं लक्ष ताटात आहे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी देवळात कुमसार करायची. जाळीमागच्या फादरला मी सांगायची, राग येतो, शेजारणीबद्दल वाईट बोलते. हे नाही सांगितलं. सांगितलं असतं तर सोडून द्यावं लागलं असतं.

शुक्रवारी दुपारी मी रोझमेरीचे केस धुवून विंचरत होते. दुसऱ्या दिवशी पाचला तिला देवळात न्यायचं होतं. दोघीच होतो. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "उद्या फादरला काय काय सांगणार तू?"

"माझी पाच हायत," ती बोटांवर मोजत म्हणाली. "पास्कूला चिमटा काढला. रात्री तेर्साच्या प्रार्थनेला झोपली. टीचरला माकड म्हटला, मनात. साखर खाल्ली. पेन्सिल चोरली." मग थोडं थांबून, "आणि तुझा एक."

माझा हात फणीसकट थांबला.

"माझा मी सांगेन," मी म्हटलं.

"तू नाय सांगत. मी मोजते. तू आत जाते आणि शंभर मोजायच्या आधी बाहेर येते. एवढा मोठा पाप शंभरात सांगून होत नाय." तिने मान वळवायचा प्रयत्न केला, मी ती सरळ धरली. "टीचर सांगते, एक जरी लपवला तरी नरक. मंग मी तो माझा म्हणून सांगते. फादर जाळीच्या पलीकडे असतो, त्याला काय ठाव पडतंय."

"तो खोटा होईल. खोटा बोलणा पण पाप."

"तो पण सांगेन," ती म्हणाली. सगळा हिशेब तिने आधीच केलेला होता.

आता इथे खरी ओकारी यावी असं आहे. मी काय केलं? मी विंचरत राहिले. मनात म्हटलं, फादर नावं विचारत नाहीत, बाहेर बोलत नाहीत. लहान पोरीला तीन नमो मरिया म्हणायला सांगतील आणि सोडून देतील. माझ्यावरचं जाईल, पोरीच्या अंगाला काही लागणार नाही. आपल्याच घरची घाण आठ वर्षांच्या पोरीच्या हातात देऊन तिला देवळात पाठवायची, आणि वर तिच्या वेण्यांना पांढऱ्या रिबिनी बांधायच्या. मी त्या बांधल्या. फुलंसुद्धा नीट काढली.

एक गोष्ट मात्र मी साफ विसरले होते. आमच्यात रीत आहे. पहिल्या कुमसाराला निघण्याआधी मुलाने घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसापुढे गुडघे टेकायचे, काय चुकलं ते बोलून दाखवायचं आणि माफी मागायची. घरच्याने माफ केल्याशिवाय देव माफ करत नाही, असं आमची जुनी माणसं म्हणत. आठ वर्षांची असताना मीही केलं होतं. शनिवारी साडेचारला मी पर्स उचलली तेव्हा अल्फान्सोने आठवण केली, "अगं, माफी राहिली ना."

पहिल्यांदा ती डॅडीपुढे टेकली. त्याच्या खिशातली पेन्सिल चोरली होती म्हणे. अल्फान्सो हसला, कपाळावर क्रूस काढला. मग माझ्यापुढे. साखर. मी घाईघाईने क्रूस काढला आणि म्हटलं, "चल, उशीर होतो. आजा झोपलाय, त्याला नको उठवू."

"पापा जागा हाय," अल्फान्सो म्हणाला आणि तिला हाताने धरून आतल्या खोलीत घेऊन गेला. पास्कू मागोमाग. मला जावंच लागलं. दारात वास नेहमीचाच आला, तंबाखू, घाम आणि ते दुसरं. रोझमेरी खाटेशी टेकली. पापांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. त्या हाताची नखं तंबाखूने काळी झालेली, आणि खाली माझ्या पांढऱ्या रिबिनी.

"आजा, तू हाक मारतो तवा मी येत नाय," रोझमेरी म्हणाली. स्पष्ट, पाठ केल्यासारखं. "मी रेडिओ मोठा करते. तुला चार वाजेपर्यंत ओल्यात ठेवते. आणि डॅडीला सांगते आत्ताच झाला. मना माफ कर."

अल्फान्सोचं हसू हळूहळू उतरलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला, कारण तो सरळ माणूस आहे. रेडिओ पोरी लावतात, पोरी मोठा करतात, एवढंच त्याच्या डोक्यात आलं असावं. त्याने तिला दंडाला धरून उठवलं.

"तू? माज्या बापाला?" त्याचा आवाज मी एवढा खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "रोज?"

"रोज नाय," रोझमेरी म्हणाली. "शनिवार-रविवार नाय. तवा तू घरी असतो."

"आणि उद्या पांढरा फ्रॉक घालून देवाला तोंडात घेणार? नाय जायचा कुठे. नाय कुमसार, नाय कम्युनियन."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. कुमसारातलं बाहेर सांगायचं नसतं ना. तिने जमिनीकडे पाहिलं. पास्कू रडायला लागला. त्याने माझ्या फ्रॉकला तोंड लावलं आणि शेंबूड पुसला, आणि त्याही घटकेला माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की फ्रॉक धुवायला लागणार.

पापा माझ्याकडे बघत होते. वाकडं तोंड, सरळ डोळे. त्यांना एक शब्द बोलायचा होता आणि मी संपले असते. ते बोलत नव्हते. मला त्या खाटेची किळस यायची, चादरीची यायची, डब्याची यायची, पण त्या क्षणी आली तशी कशाचीच आली नव्हती, आणि ती माझी होती. गटाराच्या फरशीखाली राहणाऱ्या किड्यालाही पाय असतात, निदान तो पळतो. मी दारात उभी राहून माझी पोरगी मार खाते का ते बघत होते.

अल्फान्सोचा हात वर गेला.

"तिने नाय," मी म्हटलं. "मी. सप्टेंबरपासून. रेडिओ मी मोठा करते."

हात तसाच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हात खाली घेतला, रोझमेरीची विस्कटलेली रिबीन सरळ केली, मोठमोठ्या बोटांनी, आणि पास्कूला कडेवर उचललं.

"पाच वाजतील," तो भिंतीला म्हणाला. "मी नेतो तिला."

रोझमेरी हलली नाही. ती माझ्यावर चिडली होती. डोळ्यांत पाणी, आणि त्या पाण्यामागे नुसता संताप.

"आता मी काय सांगू फादरला? आता माजी पाचच राहिली."

"खोटा बोलली तो सांग," मी म्हटलं.

तिने मनाशी मोजलं. सहा झाली. ती बापाचा हात धरून निघाली. अंगणातून त्यांची पावलं गेली, फाटक वाजलं. घरात मी आणि पापा उरलो. माफी मागायची रीत मला ठाऊक होती, पण गुडघे वाकेनात. खाटेखालची लादी चिकट होती, आणि मी ती चिकट आहे हेच बघत होते.

"पापा," मी म्हटलं.

"मना ठाव हाय," ते म्हणाले. जड जिभेने, शब्द एकेक करून. "तू बोलली तो बरा झाला. आता चादर बदल. ओली हाय."

"कधीपासून?"

"तीनपासून."

"मग हाक का नाही मारली?"

त्यांनी उजव्या हाताने हनुवटीवरची लाळ पुसली, चादरीलाच. "पोरीचा पयला कुमसार. म्हटला, ती जाऊ दे. मंग हाक मारीन."

मी कपाटातून धुतलेली चादर काढली, बादलीत पाणी घेतलं. नाकावर रुमाल बांधला नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. बांधला. आणि त्यांना कुशीवर वळवून ओली चादर खालून ओढायला लागले.